चार बोटं साल

३ फेब्रुवारी

अगं,

सूनबाई लिहायचा हक्क राहिलेला नाही आणि नावाने हाक मारली तर तू पत्र तिथेच मिटशील, म्हणून नुसतं 'अगं'. तुझा पत्ता तुझ्या जुन्या मोजणी कार्यालयातून मिळवला. तिथला कारकून आधी देईना. मग मी त्याच्या टेबलासमोर येरझाऱ्या घालत राहिले. दीड तासाने दिला. माझा स्वभाव समजायला तुला आठ वर्षं लागली, त्याचं दीड तासात भागलं.

कारण एवढंच की तुझ्या लिचीला मोहोर आलाय. तीच, मागच्या अंगणातली. तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी माझ्या चांगल्या दुधाच्या पातेल्याला भोक पाडून तू त्यात बी लावलं होतंस. चौदा वर्षं नुसती पानं, आणि आता बघावं तिकडे तुरे. आपोआप आला हो. मी पाणी घालते, बाकी काही नाही.

सहा वर्षांपूर्वी दीर आणि जाऊबाई जेवायला बसले असताना मी जे बोलले ते तू विसरली नसशील. 'आठ वर्षं झाली, ना तुला फळ ना तुझ्या झाडाला.' माणूस रागात बोलून जातो. दुसऱ्या दिवशी तू बॅग भरलीस. झाड मात्र राहिलं, आणि आता त्याने माझं तोंड बंद केलंय. ते निदान बघून जा. मेअखेर फळं पिकतील. तेव्हा ये. दोन दिवस राहा, मी काही विचारणार नाही.

घरात मी एकटीच असते. आमच्या चिरंजीवांनी बदली मागून घेतली. रविवारी फोन करतात, 'जेवलीस का' विचारतात आणि ठेवतात. ऑगस्टमध्ये मी निवृत्त झाले. अडतीस वर्षं एक्स-रे खोलीत लोकांना 'हलू नका' सांगितलं आणि आता मला स्वतःला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही.

उत्तर पाठव. पाकिटात तिकीट लावलेलं कार्ड ठेवलंय.

२६ फेब्रुवारी

अगं,

कार्ड आलं नाही. पोस्टमनला रोज विचारते. आता तो आमच्या गल्लीत शिरताना लांबूनच मान हलवतो.

फुलं उमललीत. काय ती फुलं, पाकळी नाही, रंग नाही, पण मधमाश्यांचा असा गोंगाट की स्वयंपाकघरात ऐकू येतो. सकाळपासून मी अकरा वेळा झाडापाशी जाऊन आले. भाजी चिरता चिरता सुरी हातात घेऊनच गेले. शेजारणीने विचारलं, 'काय हरवलंय का?' मी म्हटलं, हो, माझं डोकं.

ड्रेसर परवा आले होते. आठवतात ना, आमच्या दवाखान्यात जखमा बांधायचे ते? आता मागच्या गल्लीत राहतात आणि गच्चीभर कुंड्या करतात. त्यांनी झाडाकडे वर बघितलं, मग खाली बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, 'बाई, एवढा मोहोर?' मी चहा टाकायला आत गेले. खोडाला मी गोणपाट गुंडाळून ठेवलंय, उन्हाचा त्रास नको म्हणून. ते सोडायला निघाले होते, मी हाकच मारली त्यांना, चहा निवतोय म्हणून.

एकदा ये गं. मी काय खाते का तुला? जाऊबाईंनाही बोलावते, त्यांच्यासमोर फळं तोडू. माझे शब्द मी त्यांच्यासमोर गिळीन. तुला आणखी काय हवं?

१५ मार्च

अगं,

तुझं कार्ड आलं. एकच ओळ. 'गोणपाटाखाली काय आहे ते लिहा.'

सहा वर्षांत तुझं अक्षर बदललं नाही, नकाशावर गावांची नावं लिहिल्यासारखं सरळ. चार दिवस मी ते फ्रिजवर ठेवलं. पाणी प्यायला गेले की दिसायचं. शेवटी पाणी माठातलं प्यायला लागले.

बरं. लिहिते.

सप्टेंबरमध्ये मी खोडाची साल काढली. ड्रेसरांकडून ऐकलं होतं की न फळणाऱ्या लिचीच्या एखाद्या फांदीवर गोल चीर देतात, करवतीच्या पात्याएवढी बारीक, की ती फांदी मोहरते. त्यांनी फांदीच म्हटलं होतं, बारीकच म्हटलं होतं. माझ्या कानात काही बिघाड नाही. पण थोडक्यात भागतं हे मला कधी पटलंच नाही. फांदीला जे चालतं ते खोडाला जास्त चालेल, असं मीच ठरवलं. गुडघ्याच्या उंचीवर, चारी बाजूंनी, चार बोटं रुंद. भाजीच्या सुरीने.

नोव्हेंबरात वरच्या कडेने साल पुन्हा उतरायला लागली. फुगीर, ओली, ओठासारखी. झाड जखम मिटवत होतं. ती मी खरवडून काढली. पुसट एक्स-रे आला की आम्ही काय करायचो? दुसरा काढायचो. जानेवारीत परत उतरली, परत खरवडली. तेव्हा मला माझा अभिमान वाटला होता, हेही लिहून टाकते.

पण मोहोर आला की नाही? वाटाण्याएवढी फळं धरलीत. चौदा वर्षांत तुझ्या लाडाने जे झालं नाही ते माझ्या सुरीने झालं. तू रागावली असशील तर इथे येऊन रागाव.

२२ मार्च

अगं,

तुझ्या त्या एका ओळीने माझी झोप उडाली. शेवटी मी नर्सरीवाल्या बाईंना बोलावून आणलं. शहराबाहेर पाण्याच्या टाकीपाशी त्यांची रोपं असतात. बाई बोलायला फटकळ. म्हणजे विचार कर, मला फटकळ वाटल्या.

त्यांनी गोणपाट सोडलं, उकिडव्या बसल्या आणि त्या सोललेल्या कोरड्या कड्यावर अंगठा फिरवला. खालची साल नखाने टोकरून पाहिली. मग म्हणाल्या, 'मावशी, हे झाड फळलं नाही. हे मरायला लागलंय.'

मी म्हटलं, हिरवंगार तर आहे.

'वर आहे हिरवं. पानं स्वयंपाक करतायत, पण ताट खाली मुळांपर्यंत जायची वाटच तुम्ही सोलून टाकलीत. अडलेलं सगळं वर साचलं, म्हणून एवढा मोहोर. मुळं सहा महिने उपाशी आहेत. यंदा फळं खाल, पुढच्या वर्षी सरपण.'

मी खुर्चीवर बसले. मी बसले म्हणजे काय ते तुला कळेल.

त्या म्हणतात, एकच उपाय आहे. झाडाच्याच कोवळ्या काड्या घ्यायच्या आणि जखमेच्या खालच्या सालीपासून वरच्या सालीपर्यंत पुलासारख्या खोचायच्या. त्या जगल्या तर त्यांच्यातून अन्न खाली उतरेल. सध्या साल सहज सुटते, म्हणून आत्ताच करायला हवं. आणि त्याआधी फळं सगळी उतरवायची. एकही ठेवायचं नाही, ती मुळांच्या तोंडचा घास खातायत.

मी त्यांना म्हटलं, मे अखेरपर्यंत थांबता येणार नाही का? फळं पिकू देत, मग काय करायचं ते करा. त्यांनी विचारलं, 'कोणासाठी पिकवायचीत?'

फळं काढली तर तुला बोलवायला माझ्याकडे काय उरतं? इतकी वर्षं मला निमित्त सापडत नव्हतं. ते सापडलं आणि तेच हाताने ओरबाडून टाकायचं. गुरुवारी बाई येणार आहेत. तुझं उत्तर त्याआधी पोचणार नाही, हे मला कळतं. तरी विचारते, तू असतीस तर काय केलं असतंस?

२९ मार्च

अगं,

उतरवली. तीन बादल्या. हिरवी, खरबरीत, शेंगदाण्याएवढी. बाई शिडीवर, मी खाली. पहिले दोन घोस तोडायला मला पाव तास लागला, मग सवय झाली. कसलीही सवय होते मला.

खरं सांगायचं तर एक घोस मी ठेवला होता. भिंतीकडच्या बाजूला, पानांच्या आड. तुझ्यासाठी. बाईंनी शिडी उचलली, निघता निघता मान वर केली आणि बरोबर तिथेच पाहिलं. शिडी पुन्हा लावली. मीच चढले.

मग पूल. पेन्सिलीएवढ्या पाच काड्या, दोन्ही टोकं पाचरीसारखी तासलेली. वर-खाली सालीत चीर देऊन आत सरकवायच्या, एकेक बारीक खिळा आणि वरून मेण. काडीचा शेंडा वरच राहायला हवा, उलटी लावली तर जगत नाही. आणि मधून थोडी वाकलेली ठेवायची, म्हणजे वाऱ्याने झाड हललं तरी निसटत नाही. ड्रेसरांना मदतीला घेतलं. सत्तरी ओलांडली तरी त्यांचा हात थरथरत नाही. कडं बघून ते फक्त एवढंच म्हणाले, 'बाई, मी फांदी म्हटलं होतं.' मी म्हटलं, हो. अडतीस वर्षांच्या ओळखीत मी त्यांना पहिल्यांदा नुसतं 'हो' म्हटलं असेन.

फांद्याही तिसरा हिस्सा कापल्या. झाड आता न्हाव्याकडून अर्धवट उठून आल्यासारखं दिसतं. महिनाभर कळणार नाही म्हणे. महिना मी कसा काढू?

मेण लावताना बाईंनी विचारलं, 'मावशी, एवढी घाई कशाची होती हो तुम्हाला?' साधाच प्रश्न. उत्तर माहीत आहे, पण ते त्यांना द्यायचं नाही, तुला द्यायचंय. आज होत नाही. काहीतरी कारण काढून उठते.

१२ एप्रिल

अगं,

दोन आठवडे रोज कागद घेते आणि झाडाबद्दल लिहून पत्र फाडते. आज झाडाबद्दल काही लिहिणार नाही.

लग्नाच्या पाचव्या वर्षी तुम्हा दोघांच्या तपासण्या झाल्या. तुझ्या झाल्या डॉक्टरबाईंकडे, त्याची एक आमच्या दवाखान्यात. प्रयोगशाळेतल्या माणसाने त्याचा रिपोर्ट माझ्या हातात दिला, घरचाच म्हणून. मी तो एक्स-रे खोलीत उभ्याने वाचला. दोष त्याच्यात होता. थोडाथोडका नाही. तुझ्यात काही नव्हतं.

मी घरी येऊन सांगितलं, त्याचं सगळं नॉर्मल आहे. त्यालाही तेच सांगितलं. त्याने कागद मागितलाच नाही, आईने सांगितलं म्हटल्यावर संपलं. डॉक्टरबाईंनी मागितला. त्यांना मी म्हटलं, आमच्याकडेच झालंय, मी स्वतः पाहिलंय. इतक्या वर्षांची ओळख, त्यांनी माझ्या शब्दावर लिहून घेतलं, आणि दोष तुझ्यातच, तपासणीत न दिसणारा, असं धरलं.

मग दोन वर्षं तुला इंजेक्शनं. दर महिन्याला. लागू पडलं नाही की परत. तुझ्या दंडावरचे काळेनिळे डाग मी बघत होते. तू एकदा ओट्याला टेकून उभी होतीस, म्हणालीस, 'आई, पुरे आता.' मी म्हणाले, 'एवढ्यात दमलीस?' मला ठाऊक होतं, गं. प्रत्येक वेळी ठाऊक होतं.

का केलं? माझ्या मुलाला कोणी नाव ठेवू नये म्हणून. तुला ठेवलं तर चालत होतं, तू माझ्या पोटची नव्हतीस. याहून बरं कारण शोधलं, नाही सापडलं. आणि दीर-जाऊबाईंसमोर जे बोलले ते रागात नव्हे. दीर विचारत होते, दोष कोणाचा निघाला. त्याच्यावर येऊ नये म्हणून तुझ्यावर ढकललं. नीट, विचार करून.

झाडाला फळ आणलं की ते वाक्य खोटं ठरेल आणि रिपोर्टची गोष्ट न काढता माझी सुटका होईल, असा माझा हिशेब होता. म्हणून घाई.

रिपोर्ट यात ठेवलाय. मूळ तोच आहे. झेरॉक्स काढून घेतली, ती त्याच्यासाठी.

६ मे

अगं,

तुझं पत्र आलं. तीन वाक्यांचं. मी ती इथे परत लिहिते, कारण मला ती लिहून बघायची आहेत. 'चार वर्षांपूर्वी एका चांगल्या माणसाने मला लग्नाचं विचारलं होतं. त्याला मुलं हवी होती, म्हणून मी नाही म्हटलं. तुमच्या मुलाला हे सांगितलंत का?'

वाचलं आणि मी भांडी घासायला घेतली. सगळी घासली, मग फडताळातली स्वच्छ होती ती काढून घासली. तू एकोणचाळीसची झालीस. मी बोटांवर मोजत बसले, चार वर्षांपूर्वी तू किती होतीस, त्याच्या आधी किती. त्याच्यापुढे मोजता येईना.

नव्हतं सांगितलं. झेरॉक्स ट्रंकेतच होती. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी बस धरली. सात तास. त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, एक खुर्ची, दोरीवर वाळत घातलेले दोन शर्ट. मला खुर्ची दिली आणि स्वतः खाटेवर बसला. मी कागद पुढे केला. त्याने दोनदा वाचला. विचारलं, 'ही तारीख बरोबर आहे?' मी म्हटलं, बरोबर आहे.

मग तो म्हणाला, 'तिने एकदा मला सोबत ये म्हटलं होतं डॉक्टरकडे. मी म्हटलं, माझं नॉर्मल आहे, मी येऊन काय करू.'

ओरडला असता तर बरं झालं असतं, मी ओरडून उत्तर दिलं असतं. त्याने चहाचे दोन कप विसळले, मला स्टँडवर आणून सोडलं, पाण्याची बाटली घेऊन दिली. बस सुटेपर्यंत थांबलासुद्धा नाही. या रविवारी फोन आला नाही.

त्याने तुझा पत्ता मागितला. मी दिला नाही. पत्ता तुझा आहे, द्यायचा की नाही ते तू सांग.

जाऊबाईंना मी परत आल्या आल्या फोन केला आणि सगळं सांगितलं, दीरांनाही फोनवर घ्यायला लावलं. त्या म्हणाल्या, 'आता कशाला उकरून काढता?' मी म्हटलं, उकरायलाच फोन केलाय. दीरांनी फोन ठेवला.

२८ मे

अगं,

नर्सरीवाल्या बाई काल आल्या होत्या. नखाने काड्या खरवडून बघितल्या. दोन वाळून गेल्या, तीन आतून हिरव्या आहेत. टोकं सालीत मुरलीत. झाडाच्या शेंड्यांना तांबूस पालवी फुटलीय, थोडीच. बाई म्हणाल्या, 'जगेल बहुतेक. पण आता पाचेक वर्षं फळाचं नाव काढू नका.' मी म्हटलं, मी त्या वाटेलाच जाणार नाही. सुरीला हात लावायची नाही, असं त्यांनी ड्रेसरांसमोर माझ्याकडून वदवून घेतलं.

तुला माफी मागणारं पत्र मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. प्रत्येकाच्या शेवटी मीच बिचारी निघत होते. म्हणून ते पाठवत नाही. तुझं जे गेलं ते माझ्या एका कागदाने परत येत नाही, आणि त्या चांगल्या माणसाबद्दल विचारायचं माझं तोंड नाही.

फेब्रुवारीपासून मी तुला 'ये, ये' करतेय. ते मी मागे घेते. तू आलीस तर दारातच मला रडू फुटेल. मग तुझा स्वभाव असा की तू मला पाणी आणून देशील, पाठीवर हात ठेवशील, आणि माझी समजूत घालता घालता तुझं बोलायचं राहून जाईल. आठ वर्षं हेच तर झालं. तेवढी तसदीही मला तुला आता द्यायची नाही.

पण झाड तू लावलंस. ते कोणत्या अवस्थेत आहे हे तुला स्वतःच्या डोळ्यांनी बघावंसं वाटत असेल, मला दिसतं ते. तुझ्या त्या एका ओळीतच दिसलं होतं. म्हणून असं केलंय. जूनच्या दहा तारखेपासून वीसपर्यंत मी घरी नसेन. माझ्या बहिणीकडे जाते, तिकीट काढलंय. किल्ली ड्रेसरांकडे ठेवतेय. त्यांना सांगितलंय, तू आलीस तर किल्ली द्यायची, काही विचारायचं नाही, आणि तू येऊन गेलीस की नाही हे मला नंतरही सांगायचं नाही. ते म्हणाले, 'तुम्ही विचाराल.' मी म्हटलं, विचारीन, तरी सांगू नका.

मागचं दार जरा वर उचलून ढकलावं लागतं. झाडाखाली खुर्ची ठेवलीय. हवं तेवढा वेळ बस, हवं तर राहा, तुझी खोली पुसून घेतलीय. झाडाचं काय करायचं ते तुला ठरवायचं असेल तर ठरव. काड्या न्यायच्या असतील तर ने, बाईंचा फोन नंबर भिंतीवर लावलाय, त्या कलम करून देतील.

वीस तारखेच्या आधी मी परत येणार नाही. राहवलं नाही तरी येणार नाही.